‘झीरो करून दिलेली’ एअर रायफल : पाच महिने वापरल्यानंतर

“काका, झीरो करून दिलीय. आता फक्त चालवायची.” दुकानदाराने फेब्रुवारीत खोका हातात देताना हे सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. झीरो करणं म्हणजे साइट, नेम धरायचं साधन, अशी जुळवणं की नेम जिथे धरला तिथेच गोळी जाईल. मुंबईत जो कोणी नातवंडांसाठी किंवा स्वतःसाठी पहिली एअर रायफल घ्यायला निघाला असेल, त्याने हे वाक्य ऐकलं की थांबावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. दुकानाचं आणि रायफलच्या कंपनीचं नाव देत नाही. अनुभव माझ्या एकट्याचा आहे, त्यावरून कुणाच्या धंद्याला धक्का लागू नये. माल कसा आहे ते मात्र स्क्रूपर्यंत सांगतो.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. १ ऑगस्ट २०२४ ला नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं. कोल्हापूरकडचा पोरगा आणि तेव्हा मध्य रेल्वेत टीसी, म्हणजे आमच्या घरात तर दिवाळीच. माझी नात सई तेव्हापासून मागे लागली होती. शाळेत निवड चाचणी झाली, तिचा हात स्थिर आहे असं सांगण्यात आलं, आणि मग सराव कुठे करायचा हा प्रश्न आला. स्पर्धेची रायफल डायॉप्टर साइटसकट (बारीक भोकातून नेम धरायची साइट) दोन-तीन लाखांच्या घरात जाते. ती पेन्शनीतून घ्यायची गोष्ट नाही. म्हणून भारतीय बनावटीची, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी रायफल घेतली. ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर. या मापाला आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीला आपल्याकडे परवाना लागत नाही, पण दुकानदार ओळखपत्राची नोंद ठेवतो आणि ती ठेवलीच पाहिजे. बिल माझ्या नावावर आहे, त्याची प्रत रायफलच्या पिशवीत कायम असते. लोकलने नेत नाही. दादरला तपासणीच्या यंत्रापाशी पिशवी उघडून समजावत बसायचं, त्यात मागच्या माणसांचा खोळंबा. टॅक्सी करतो.

रायफल १४ हजारांना पडली. त्यात चार पट दाखवणारी दुर्बीण फुकट होती. घेताना मला तेच आकर्षण वाटलं होतं.

पहिल्या दिवशी रेंजवर दहा मीटरवर नेमाचं कार्ड लावलं. सईने पाच गोळ्या मारल्या. कार्डावर दोनच भोकं, तीही खालच्या डाव्या कोपऱ्यात. उरलेल्या तीन मागच्या लाकडात गेल्या होत्या. पोरीचा चेहरा पडला. तिला वाटलं हात चुकला. मी स्वतः वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच मारल्या, त्याही तिथेच, मधल्या ठिपक्यापासून चांगल्या सहा सेंटिमीटर खाली. दुकानात परत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी नळीच्या तोंडात लेसर घालून लाल ठिपका भिंतीवर पाडला होता आणि दुर्बिणीची फुली त्याच्यावर आणून ठेवली होती. एकही गोळी मारली नव्हती. लेसरने काम सुरू करता येतं, गोळी कागदाच्या जवळपास आणता येते, हे खरं. पण लेसर सरळ रेषेत जातो, गोळी तशी जात नाही. स्प्रिंग सुटताना रायफल हलते ते लेसरला कुठून कळणार? झीरो म्हणजे गोळी मारूनच. दुसरा रस्ता नाही. ज्याच्या खांद्यावर रायफल जाणार आहे त्यानेच ती मारायची, कारण तोच डोळा आणि तीच मान उद्याही तिथे असणार.

हे मला परळमध्ये नाही, त्याच्या आधी समजलं होतं. कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. भाताच्या दिवसांत रानडुकरं यायची, त्यांना पळवायला तिचा आवाजच पुरे व्हायचा. पावसाळा सरला की आजोबा तिचा नेम तपासायचे. पंचवीस पावलांवर मातीच्या मेरेला फणसाची फळी टेकवायची, फळीवर चुन्याचा ठिपका. बांबूच्या नळीच्या मापाने दारू, वर काथ्याची बोळी, मग शिशाची गोळी, आणि गजाने ठासणं. दर वेळी तेच माप, तेवढाच जोर. मला दारूचं माप भरायला द्यायचे आणि काठोकाठ नसेल तर परत ओतायला लावायचे. केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवून बार काढला की धूर आणि सडक्या अंड्यासारखा वास. मग लगेच गजाला फडकं गुंडाळून नळी पुसायची, कारण आतली काजळी साचली की पुढची गोळी वेगळी जाते. तीन बार झाल्याशिवाय फळीकडे जाऊ द्यायचे नाहीत.

एका वर्षी गोळ्या खाली पडत होत्या. मी कानस घेऊन आलो, कारण पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, घासून कमी केली की गोळी वर जाते हे मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. आजोबांनी कानस काढून घेतली. म्हणाले, “तीन बार एका जाग्यार पडले तर बंदूक शाणी. मगे माशयेक हात लाव. घासलेला लोखंड परत येयत नाय.” त्या दिवशी तीन बार तीन ठिकाणी होते. दोष दारूचा निघाला, ती दमट झाली होती. उन्हात घालून पुन्हा बार काढले तेव्हा गोळ्या ठिपक्याजवळ आल्या. माशी घासली असती तर कायमची बिघडली असती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. नंतर वर्कशॉपमध्ये हजारो भाग घासले, पण मापल्याशिवाय कानस लावायची नाही, हे मी त्या फळीसमोर शिकलो.

तर या रायफलकडे येऊ. पहिले दोन आठवडे दुर्बीण लावूनच प्रयत्न केला. तिच्या टोपीखाली दोन चक्र्या असतात, वर-खाली आणि डावी-उजवी. एक टिकटिक म्हणजे शंभर मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. दहा मीटरवर त्याचा दहावा भाग, ०.७ मिलिमीटर. म्हणजे ६ सेंटिमीटर वर आणायला ऐंशीच्या पुढे टिकटिका लागतात. पुस्तिकेत हे शंभराचं माप छापलेलं असतं, दहा मीटरवाला माणूस चार टिकटिका फिरवून बघतो आणि काहीच बदललं नाही म्हणून वैतागतो. मीही पहिल्या दिवशी तेच केलं.

ऐंशी-पंच्याऐंशी टिकटिकांनी गोळ्या ठिपक्याच्या आसपास आल्या. आनंद झाला. पण चाळीसेक गोळ्यांनंतर त्या परत भटकायला लागल्या, एक वर, दोन उजवीकडे. इथे सई रडकुंडीला आली आणि मी स्क्रू पिळायच्या मोहात पडलो. मग आजोबांची आठवण झाली आणि हात आवरला. घरी आणून दुर्बिणीच्या पकडीच्या मागे रायफलच्या पट्टीवर खरवडणीने बारीक रेघ मारली. पुढच्या वेळी पन्नास गोळ्या मारून बघितलं तर पकड रेघेवर चढून दोन मिलिमीटर मागे सरकली होती आणि सरकताना किंचित वाकडी झाली होती. स्प्रिंगच्या रायफलचा झटका दोन्हीकडून असतो. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे, आणि पिस्टन टोकाला आदळतो तेव्हा पुढे. साध्या दुर्बिणी याने आतून सैल होतात आणि पकडी सरकतात. म्हणून मागच्या पकडीत एक खिळ असते, ती रायफलच्या पट्टीवरच्या खाचेत बसवायची. या रायफलवर खाच आहे. फुकट दिलेल्या पकडीत खिळच नव्हती! ती दोन रुपयांची वस्तू असती. १४ हजारांच्या मालात ती न घालणं मला पटलेलं नाही, आणि दुकानदाराने ते बघितलं नाही हेही पटलेलं नाही. विकत घेण्याआधी पकड उलटी करून बघा, खिळ दिसली पाहिजे.

दुर्बिणीबद्दल आणखी एक. ती लांबच्या अंतरासाठी जुळवलेली आहे. दहा मीटरवर कार्ड धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की फुली ठिपक्यावरून सरकते. पुढच्या भिंगाला अंतर जुळवायची कडी असलेली दुर्बीण घ्यायची असेल तर वेगळी घ्या. फुकटची घरी ठेवा.

मी दुर्बीण काढून टाकली. खाली उघडी साइट होतीच, पुढे माशी आणि मागे खाच. आणि इथे या रायफलचं मनापासून कौतुक करतो. मागची साइट लोखंडी आहे, प्लास्टिकची नाही. तिचा वर-खालीचा स्क्रू घरी आटे मोजायच्या पिच गेजने मापला, ०.७ मिलिमीटरचा आटा निघाला, म्हणजे एका फेऱ्याला साइट तेवढी वर-खाली होते. माशी आणि खाच यांच्यातलं अंतर ४५० मिलिमीटर. सईला त्याच आठवड्यात दहावीच्या व्हेकेशन क्लासमध्ये भूमितीचा समरूपतेचा धडा चालू होता. मी वही पुढे केली आणि म्हटलं, हे दोन त्रिकोण बघ. लहान त्रिकोणाची बाजू ४५०, मोठ्याची १०,०००. लहानाची उंची ०.७ ने बदलली तर मोठ्याची किती? तिने पेन्सिल चावत गुणाकार केला, उत्तर आलं साडेपंधरा मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी रेंजवर एक पूर्ण फेरा दिला आणि गोळ्यांचा पुंजका पंधरा-सोळा मिलिमीटर वर गेला. पट्टीने मापून ती कार्डाकडे बघत राहिली. मला नोकरीत प्रमोशन मिळालं तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

नियम साधा आहे : गोळी ज्या बाजूला न्यायची, मागची साइट त्याच बाजूला हलवायची. पुढची माशी हलवायची असेल तर उलट. आणि स्क्रू नेहमी एकाच दिशेने आणून थांबवा. उलटा फिरवायचा झाला तर अर्धा फेरा जास्त जाऊन परत या. आट्यात थोडी सैल जागा असतेच, ती अशी एका बाजूला दाबली जाते. लेथवर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण या रायफलच्या पुस्तिकेत ते कुठेच नाही.

आता रेंज. दादर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, जुन्या इमारतीचा तळमजला, सहा लेन, तासाला ३५० रुपये. कार्ड तारेवर बसवून हाताने फिरवायच्या चाकाने पुढे-मागे न्यायचं. पंखे फक्त मागच्या बाजूला, त्यामुळे मे महिन्यात शर्ट भिजतो. स्वच्छतागृह एकच आहे आणि त्याची कडी नीट लागत नाही. याशिवाय मला तक्रार करायला जागा नाही. तिथल्या मॅडम एनसीसीतून आलेल्या आहेत आणि त्यांनी एका तासात जे शिकवलं ते तीन दुकानांत मिळालं नसतं.

त्यांनी सर्वांत आधी आमचं कार्ड बदललं. आम्ही रायफलचं कार्ड लावत होतो, ज्याचं दहा गुणांचं मधलं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं म्हणजे एक ठिपकाच असतो. म्हणाल्या, “काका, या रायफलला ते कार्ड लावून पोरीचं मन मोडू नका. पिस्तूलचं लावा.” पिस्तूलच्या कार्डाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. काळा गोलही मोठा, त्याच्या खालच्या कडेवर माशी टेकवून नेम धरणं सोपं. दुसरं, वाळूची पिशवी थेट रायफलखाली नको. कडक टेकूवर स्प्रिंगची रायफल उसळते आणि गोळ्या वर जातात. पिशवीवर आपला हात उताणा ठेवायचा आणि तळहातावर रायफल नुसती विसावू द्यायची. मुठीत आवळायची नाही. तिला जसं हलायचं तसं दर वेळी सारखं हलू द्यायचं. हे ऐकून मला पटेना. यंत्र म्हटलं की घट्ट पकडायचं, हे माझ्या हाडात आहे. पण सैल तळहातावर पुंजका निम्मा झाला, म्हणजे त्यांचंच खरं.

तिसरं, पाच गोळ्यांशिवाय स्क्रूला हात नाही. सईला दर गोळीनंतर साइट फिरवायची घाई. मॅडमनी स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या खिशात ठेवला. मी काही बोललो नाही, पण मला कुडाळची फळी दिसली.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग इथे देतो. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राची साइट अंतिम फेरीआधी हललेली निघाली होती, सरावाची पहिलीच गोळी चारच्या वर्तुळात गेली. त्याने घाबरून न जाता परत झीरो केला, आणि शेवटची गोळी १०.८ मारून सुवर्ण घेतलं. सई हे ऐकल्यापासून पहिल्या पाच गोळ्यांना ‘चारच्या गोळ्या’ म्हणते आणि त्या वाईट गेल्या तरी तिचं तोंड उतरत नाही.

माझा भाचा पेन्सिल्व्हेनियात असतो. तिकडे नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीसाठी असतो, आणि तो शेजाऱ्यांबरोबर जातो. नोव्हेंबरपासून पन्नास यार्डांवर झीरो करत बसतो. व्हिडिओवर त्याने दाखवलं : मापलेली दारू, गोळीभोवती तेलकट कापडाची चकती, आणि दर बारानंतर ओलं मग कोरडं फडकं. आजोबांचंच सगळं, फक्त काथ्याऐवजी कापड. तो म्हणाला की जनावरावर बंदूक उचलायची तर पहिली गोळी जागेवरच बसली पाहिजे, नाहीतर जखमी जनावर रानात तडफडत राहतं, म्हणून कागदावर एवढी दारू जाळायची. त्याचं म्हणणं योग्य आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. बोरिवलीच्या रानातली चितळं मी सईला दुर्बिणीतूनच दाखवतो, डोळ्याच्या दुर्बिणीतून. पण कागदावरच्या ठिपक्यालाही तेवढीच काळजी लागते, हे तिने मामाकडून ऐकलं ते बरं झालं.

रायफलच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ट्रिगर जड आहे आणि लांब ओढला जातो. पाचेकशे गोळ्यांनंतर थोडा सुधारला. पोरांच्या बोटाला सुरुवातीला दुखतं. नवी असताना पहिल्या वीस-पंचवीस गोळ्यांना धूर आणि मोठा आवाज आला, आत राहिलेलं तेल पेटतं म्हणून. तेवढ्या गोळ्या झीरोसाठी धरूच नका. दोनशे गोळ्या गेल्यावर स्प्रिंग बसते, खरा झीरो तेव्हाच करा. लाकडी दस्ता छान आहे, हाताला ऊबदार लागतो, प्लास्टिकवाल्यापेक्षा हजार रुपये जास्त देऊन मी तो घेतला आणि मला पश्चात्ताप नाही. दस्त्याचे स्क्रू मात्र दर शंभर गोळ्यांना तपासा. ते सैल झाले की झीरो गेला.

गोळ्यांवर पैसे वाचवू नका. स्वस्त डबीतल्या गोळ्या मी वर्कशॉपच्या मित्राच्या नाजूक काट्यावर तोलल्या. एकाच डबीत इतका फरक होता की आजोबांनी ते माप परत ओतायला लावलं असतं. चपट्या तोंडाच्या, स्पर्धेसाठीच्या, ०.५३ ग्रॅम वजनाच्या गोळ्या घेतल्यावर पुंजका उघड्या डोळ्यांना कळण्याइतका आवळला. एकाच बनावटीच्या गोळ्या घ्या. गोळी बदलली की झीरो पुन्हा. शिसं आहे, नंतर साबणाने हात धुवायचे आणि मगच वडापाव.

नळी मोडून गोळी भरताना नळी हाताने धरूनच ठेवायची, सुटली तर बोट जातं. गोळी न भरता रिकामा ट्रिगर ओढायचा नाही, पिस्टन नुसता आदळून खराब होतो. डोळ्यांना चष्मा, बघणाऱ्यालाही. आणि चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, कबुतरांवर अजिबात नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलाने मला गच्चीत मारून बघू का असं विचारलं, त्याला मी रविवारी रेंजवर घेऊन गेलो.

आता पावसाळा आहे. परळच्या हवेत लोखंड आठवड्यात गंजतं. दर रविवारी रेंजवरून आलं की बाहेरून तेलाचं फडकं आणि नळीत कोरडी चिंधी. पिशवीत बंद करून ठेवायची नाही, कपाटात उभी, कुलपात. जूनमध्ये दोन आठवडे जाणं झालं नाही, त्यानंतर झीरो एक सेंटिमीटर डावीकडे गेलेला आढळला. दस्त्याच्या लाकडाने दमट हवा घेतली असावी. पाच गोळ्या मारल्या, पुंजका बघितला, मगच साइट हलवली.

तर घ्यावी का? शिकणाऱ्या मुलांसाठी, उघड्या साइटवर, चांगल्या गोळ्यांसह, हो. पाचपैकी साडेतीन. दुर्बिणीच्या आमिषाने घेणार असाल तर नको. दुकानाच्या सेवेला मी एक देतो, कारण ‘झीरो करून दिली’ म्हणण्याआधी एक गोळी तरी मारायला हवी होती. रेंजला पाचपैकी पाच, कडी दुरुस्त केली नाही तरी. ती मी पुढच्या रविवारी बसवून देणार आहे, मॅडमना सांगून ठेवलंय.

गेल्या रविवारचं कार्ड समोर आहे. पाच गोळ्या, रुपयाच्या नाण्याखाली सगळ्या झाकल्या जातात. पण पुंजका ठिपक्याच्या डावीकडे, नऊच्या वर्तुळाच्या आसपास. सईने कार्ड आणून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “आजोबा, आता द्या स्क्रू-ड्रायव्हर.” मी दिला.